पाठीने घर पाहणारे साडूभाऊ

या पृथ्वीवर झोपून श्रीमंत झालेला माणूस एकच, आणि तो माझा साडू आहे. बाकीचे जे कोणी श्रीमंत झाले ते पहाटे उठून, घाम गाळून, रात्रीचा दिवस करून झाले असं त्यांच्याच तोंडून आपण ऐकतो. माझे साडूभाऊ रोज दुपारी जेवण झाल्यावर पाठ टेकून आडवे झाले आणि त्या आडव्या अवस्थेतच त्यांनी घरांच्या खरेदी-विक्रीचा धंदा झांशीपासून मस्कत, दुबई, नैरोबी आणि मॉरिशसपर्यंत नेला. आता झोपेचंच म्हणाल तर मीही काही कमी नाही. नोकरीत असताना मी खुर्चीत झोपत होतो, निवृत्त झाल्यावर पलंगावर झोपू लागलो, आणि माझी झोप त्यांच्यापेक्षा केव्हाही गाढ. पण तिचा पसारा आमच्या घराच्या कुंपणाबाहेर कधी गेला नाही. असं का व्हावं यावर मी निवांतपणे पुष्कळ विचार केला आहे, आणि बहुतेक वेळा विचार करता करता डोळा लागला आहे.

नातं सांगायचं तर त्यांची बायको ही माझ्या बायकोची थोरली बहीण. आम्ही दोघंही तिला ताई म्हणतो. झांशीत मराठी घरं मोजकी. गावातले लोक आम्हांला अजून 'दक्खिनी' म्हणतात आणि पुण्याचे पाहुणे आमचं मराठी ऐकून "तुम्ही मूळचे कुठले?" असं अदबीने विचारतात, तेव्हा आम्ही नक्की कुठले हा प्रश्न पेशवाईपासून तसाच पडून आहे. अशा ठिकाणी मुलीसाठी स्थळं बघताना फार नाकं मुरडून चालत नाही. आमच्या सासऱ्यांना दोन मुलींसाठी दोन जावई मिळाले, आणि त्यांतला हुशार मी, असं त्यांचं ठाम मत होतं. मी सिंचन खात्यात कारकून, कचेरी सिविल लाइंसमध्ये, पुढे पेन्शन. साडूभाऊ मऊरानीपूरच्या एका धान्याच्या आढतीवर कामाला. दिवाळीला सासरे मला मानाच्या पाटावर बसवत, आणि साडूभाऊ बाजूच्या पाटावर बसून शांतपणे चकल्या खात. थोरला जावई बाजूला आणि धाकटा मधे, यात काही चुकतंय असं मला कधी वाटलं नाही. मानाचा पाट मला बरोबर मापाचा वाटे.

साडूभाऊ आणि ताई खंडेराव गेटजवळ दोन खोल्यांत भाड्याने राहत. मूलबाळ झालं नाही. ताईची लग्नापासून एकच मागणी होती, स्वतःचं घर. मोठं नको, दुमजली नको, अंगण असलं तर ठीक, नसलं तरी चालेल. "भिंतीत खिळा मारायला कुणाला विचारावं लागू नये, एवढंच हवं हो मला," असं ती म्हणायची. तिचा घरमालक खालीच बसलेला असे, आणि वर हातोडीचा पहिला ठोका पडला की त्याचा आवाज जिन्यातून यायचा, "काए बाई, जे का ठोक रईं?" ताई हातोडी खाली ठेवायची. कॅलेंडर, आरसा, देवाची तसबीर, सगळं भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवलेलं असायचं. साडूभाऊ म्हणत, "घेऊ ना, घेऊ. पण ढंगाचं मकान तर मिळू दे." आणि ढंगाचं मकान कोणतं हे ठरवायची त्यांची रीत मऊरानीपूरला तयार झाली होती.

आढतीचे शेठ दर हंगामाला धान्य साठवायला गोदामं भाड्याने घेत, आणि गोदाम बघून यायचं काम साडूभाऊंकडे असे. दुसरा कुणी असता तर त्याने भिंतीवर थाप मारली असती, छपराकडे पाहिलं असतं, उंदरांची बिळं शोधली असती. साडूभाऊ सकाळच्या गाडीने पोचत, दुपारी डबा खात आणि रिकाम्या गोदामाच्या फरशीवर चक्क ताणून देत. उठले की निकाल सांगत. एका वर्षी एका नव्याकोऱ्या सिमेंटच्या गोदामातून ते डोळे चोळत बाहेर आले आणि म्हणाले, "शेठजी, पीठ ठंडी हो गई, पाठ गार पडली. खाली पाणी आहे." शेठ हसले. भर उन्हाळा, विहिरी तळाला गेलेल्या, आणि हा माणूस म्हणतो खाली पाणी आहे. त्यांनी हरभरा भरला. पावसाला जोर चढल्यावर खालच्या थरातली पोती उघडली तर सगळ्या हरभऱ्याला लांबलचक मोड आलेले. त्या वर्षी आढतीवरच्या हमालांनी महिनाभर उसळ खाल्ली, आणि पुढच्या वर्षीपासून शेठ साडूभाऊंना झोपवल्याशिवाय एकही गोदाम घेईनासे झाले.

"साडूभाऊ, मकान देखने की चीज नाहीये, लेटने की चीज आहे," ते मला समजावत. "डोळ्यांना रंग दिसतो. घर पाठीला दिसतं." या शास्त्राचे नियम कडक होते. सोबत स्वतःची सतरंजी आणि सावरीच्या कापसाची उशी. आधी वरण-भात, तोही बेताने. झोपण्याआधी मालकाशी एक शब्द बोलायचा नाही, कारण मालक बोलला की घर गप्प बसतं. आणि वेळ दुपारचीच, कारण त्यांच्या मते सकाळी सगळीच घरं चांगली असतात. जाग आली की थोडा वेळ तसेच बसून राहायचं, त्याच घरातलं पाणी मागून प्यायचं आणि मग निकाल. "इथे माणसं एकमेकांवर ओरडतील," असं ते एखाद्या घराविषयी सांगत, आणि खरोखरच त्या घरात आवाज असा घुमे की साधं मीठ मागितलं तरी भांडण काढल्यासारखं वाटे. मी मात्र यातलं काही मानत नव्हतो. मी विज्ञानाचा पदवीधर, आणि तोही दुसऱ्या वर्गात.

एके दिवशी त्यांनी जाहीर केलं की आढतीची नोकरी सोडतो आणि घरं दाखवायचा धंदा सुरू करतो. मी त्यांना दिवाणखान्यात बसवून तासभर उपदेश केला. उपदेश करताना माझा आवाज फार छान लागतो. "लोक झोपेला पैसे देतील काय?" असं मी विचारलं. साडूभाऊ म्हणाले, "झोपेला नाही देणार जी, जागरण वाचलं तर देतील." मी बायकोकडे अर्थपूर्ण नजरेने पाहिलं. ताईचं काय होणार, ही त्या नजरेतली काळजी होती. आता हिचं घर या जन्मी होत नाही, असं मी त्या दिवशी मनाशी लिहूनच टाकलं.

त्यांचं पहिलं मोठं गिऱ्हाईक नेमके माझेच साहेब निघाले. आमच्या कचेरीत नवे इंजिनीयर बदलून आले होते, त्यांना बंगला हवा होता, आणि पुढेपुढे करायच्या माझ्या जुन्या सवयीने मी सिविल लाइंसमधला एक बंगला दाखवायला त्यांना आणि मेमसाहेबांना घेऊन गेलो. दार उघडलं तर दिवाणखान्याच्या मधोमध, सतरंजीवर, उशीवर डोकं टाकून साडूभाऊ उताणे झोपलेले. मालकाने त्यांनाही बोलावलं होतं हे मला काय ठाऊक! "ये कौन सोया पडा है?" मेमसाहेबांनी विचारलं. मी म्हणालो, "पता नहीं मेमसाब, कोई चौकीदार होगा." तेवढ्यात साडूभाऊ उठले, माझ्याकडे बघून प्रेमाने म्हणाले, "या या साडूभाऊ, बसा," आणि मग साहेबांना, "साहब, बंगला बढिया है, लेकिन तीन बजे के बाद ये पच्छिम की दीवार आग फेंकेगी. घर में किसी का सिर दुखता हो तो मत लीजिए." मेमसाहेबांना अर्धशिशी होती. त्यांनी साडूभाऊंकडे असं पाहिलं की लग्नात मी सासूबाईंकडे आशीर्वादासाठी तसं पाहिलं नव्हतं. बंगला दुसराच घेतला, साडूभाऊंच्या पसंतीचा, आणि पुढची तीन वर्षं साहेब मला "अरे, वो तुम्हारा चौकीदार कैसा है?" असं विचारत राहिले.

याच सुमाराला मी सरकारी कर्ज काढून ग्वाल्हेर रोडच्या बाजूला घर बांधलं. वास्तुशांतीला सगळी मराठी मंडळी जेवायला. ताई सकाळपासून येऊन प्रत्येक भिंतीवरून हात फिरवत होती. "भाऊजी, तोरणाला खिळा मारू?" तिने विचारलं, आणि मी म्हणालो, "ताई, घर आपलंच आहे, कुठेही मार." तिने तोरणाचा मारला, मग घड्याळाचा, मग उगाचच एक कोपऱ्यात. काही कारण नव्हतं. मारून झाल्यावर ती दोन पावलं मागे सरून त्या रिकाम्या खिळ्याकडे बघत उभी राहिली. तिकडे साडूभाऊंनी श्रीखंड नाकारून वरण-भात मागितला तेव्हाच पुढे काय होणार ते मी ओळखलं. पाहुणे चवड्यांवर चालू लागले, मुलांना बाहेर काढलं, आणि साडूभाऊ माझ्या नव्या फरशीवर आडवे झाले. थोड्या वेळाने उठले, पाणी प्यायले, आणि म्हणाले, "साडूभाऊ, घर मन लावून बांधलंय. पण सैपाकघराची भिंत बोलेल." तेव्हापासून आजपर्यंत टाकीचं पाणी सोडलं की त्या भिंतीतला नळ हत्ती शिंकल्यासारखा आवाज करतो. आवाज येत नाही, असं मी पाहुण्यांना आवाजाच्या वर ओरडून सांगतो.

पुढे आमचे साहेब सरकारी नोकरी सोडून मस्कतला एका बांधकाम कंपनीत मोठ्या जागेवर गेले. तिथे हिंदुस्थानातून येणाऱ्या माणसांसाठी घरं घ्यायची होती, आणि घरं सगळी नवी, चकचकीत, बाहेरून एकसारखी. साहेबांना चौकीदाराची आठवण झाली. साडूभाऊ विमानात बसले ते सतरंजी-उशीसकट. मस्कतच्या विमानतळावर त्यांना अडवलं. एवढी जुनी उशी छातीशी धरून कुणी परदेशात का येईल, याचं उत्तर त्यांना देता येईना. शेवटी उशी उसवली, आणि सावरीचा कापूस पंख्याच्या वाऱ्याने सगळ्या दालनात उडाला. त्या कापसात उभं राहून साडूभाऊ हात जोडून सांगत होते, "हुजूर, मैं मकान देखने आया हूँ." त्या दिवशी त्यांना बिनउशीचं झोपावं लागलं. तरी त्यांनी साहेबांना सांगितलं की या इमारतीत वरचे मजले घेऊ नका, समुद्राचा वारा खिडकीच्या फटीतून रडतो, घर सोडून आलेल्या माणसाला तो ऐकवणार नाही. साहेबांनी खालचे मजले घेतले. वरचे मजले ज्यांनी घेतले त्यांची माणसं वर्षभरात परत गेली म्हणे. मस्कतमध्ये 'झांशीवाला' हे नाव झालं ते तिथून.

मग काय विचारता! मस्कतवरून दुबई झाली, दुबईवरून नैरोबी, तिथल्या एका गुजराती व्यापाऱ्याच्या मेहुण्यामुळे मॉरिशस. आधी ते दुसऱ्यांसाठी घरं निवडत, मग घेऊन विकू लागले, मग बांधण्याआधी जमिनीवरच सतरंजी टाकू लागले. खंडेराव गेटजवळच्या त्यांच्या छोट्याशा दुकानावर 'अंतरराष्ट्रीय' अशी पाटी रंगवायला दिली तर दुकान एवढं अरुंद की निम्मी पाटी कोपऱ्यावरून वळून बाजूच्या भिंतीवर गेली. बाजाराकडून येणाऱ्या माणसाला नुसतंच 'राष्ट्रीय' दिसे, आणि तो दुकानात येऊन बँकेची स्लिप मागे. मी या सगळ्या काळात दर टप्प्यावर न चुकता एकच सल्ला दिला, की आता थांबा. तो सल्ला ते दर वेळी मन लावून ऐकत आणि पुढचं तिकीट काढत.

धंदा वाढला तशी एकट्याची झोप पुरेना. त्यांनी माणसं नेमायचं ठरवलं. उमेदवाराला जेवू घालत आणि सतरंजी देत. पडल्या पडल्या घोरणारा नापास, टक्क जागा राहणारा नापास. झोपेत असूनही शेजारच्या खोलीतला ठिबकणारा नळ ज्याला ऐकू येतो असा माणूस त्यांना हवा होता, आणि तशी झोप जगात फक्त तान्ह्या मुलाच्या आईला येते असं ते हताशपणे सांगत. मी निवृत्त झालो तेव्हा मला वाटलं, आता आपली वेळ आली. घरचाच माणूस, अनुभव दांडगा. त्यांनी मला दुबईला नेलं. कुठल्याशा उंच मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये मी त्यांच्यासारखाच वरण-भात खाऊन, त्यांच्यासारखाच पाठ टेकून झोपलो. जाग आली तेव्हा बाहेर सूर्य मावळत होता आणि माझ्याभोवती साडूभाऊ, मालक आणि मॅनेजर असे तिघं उभे. "कसं आहे घर?" साडूभाऊंनी विचारलं. "उत्तम! काही म्हणजे काही दोष नाही," मी छातीठोकपणे सांगितलं. मागाहून कळलं की मी झोपलो असताना बाजूच्या फ्लॅटमध्ये भिंत फोडत होते, आणि आगीचा भोंगा नीट वाजतो का हे बघायला तो दोनदा वाजवला होता. साडूभाऊंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "तुम्हाला कुठेही झोप येते. सारी उमर सरकारी नोकरीत गेली, तुमचा काय दोष!" मी विमानातही झोपूनच परत आलो.

या सगळ्यात ताई कुठे होती? खंडेराव गेटला, त्याच दोन खोल्यांत. चार देशांत लोकांना घरं देणाऱ्या माणसाची बायको घरमालकाला विचारून कपड्यांची दोरी बांधत होती. झांशीत साडूभाऊंनी तिच्यासाठी घरं पाहिली नाहीत असं नाही. सुट्टीवर आले की एखादं घर ठरायचं, ताई नवीन पातळ नेसून बरोबर जायची, ओसरीत बसायची, आणि साडूभाऊ उठून बाहेर येत मान हलवायचे. एकाला रेल्वेचा हादरा बसतो, एकाचं छत दुपारी तापतं, एका घराजवळची शाळा सुटायची वेळ चुकीची. एक घर तर सगळ्या बाजूंनी निर्दोष होतं, त्याला म्हणाले, "ठीक है, पण खंडेराव गेटसारखी झोप नाही लागत. त्या दोन खोल्यांसारखी झोप मला मस्कतला नाही लागली, मॉरिशसला नाही लागली." ताई पातळाचा पदर सावरून उठायची आणि त्यांच्या मागे चालू लागायची. तिने कधी भांडण केलं नाही. आमच्या घरी आली की मात्र कोपऱ्यातल्या त्या रिकाम्या खिळ्यावर काहीतरी अडकवून जायची, कधी पिशवी, कधी हातरुमाल.

आणि मग एका थंडीत ताईने घर घेतलं. कंपनीच्या हिशेबनिसांनी कसल्याशा सोयीसाठी तिला पूर्वीच संचालक करून ठेवलं होतं आणि ती दाखवतील तिथे सही करत आली होती. या वेळी कुठे सही करायची ते तिने स्वतः दाखवलं आणि दुसऱ्यांना सह्या करायला लावलं. आपल्याच नवऱ्याच्या कंपनीकडून, नवरा मॉरिशसमध्ये झोपलेला असताना, तिने घर विकत घेतलं. सोबत मला नेलं होतं, सरकारी माणूस म्हणून. घर बघून मी घाबरलो. एका बाजूला पिठाची चक्की, समोर मुलांचं खेळायचं मैदान, भिंती बारीक, आणि दार उघडं ठेवलं तर गल्लीतल्या चार घरांचं बोलणं सरळ आत. मी म्हणालो, "ताई, साडूभाऊ इथे एक मिनिट झोपू शकणार नाहीत." ताई म्हणाली, "मला झोपायचं नाहीये भाऊजी, मला राहायचंय."

साडूभाऊ आले. सतरंजी टाकली आणि आडवे झाले. चक्की सुरू होती. मैदानात मुलं ओरडत होती. त्यात भर म्हणजे ताई सैपाकघरात डबे लावत होती, गल्लीतल्या बायकांशी खिडकीतून बोलत होती, मधेच आमच्या हिला हाक मारून विचारत होती की चिंच कुठे ठेवू. साडूभाऊ या कुशीवरून त्या कुशीवर झाले. शेवटी उठून बसले. "अगं, तिकडे तर दुपारी एवढी शांतता असायची," ते म्हणाले. "इथे तू केवढी खुडबुड करतेस!"

ताईने एका डब्याचं झाकण लावलं. बोलली ती माझी बायको. "तिकडे शांतता असायची कारण ताई जिन्यात बसायची," ती म्हणाली. "तुम्ही घरी असलात आणि जेवून पडलात की ही कांदे-लसूण, भरतकाम, जे असेल ते घेऊन जिन्यात जाऊन बसायची. उन्हाळ्यात जिना तापायचा, थंडीत पायऱ्या गार. तुम्ही उठेपर्यंत ती आत यायची नाही. लग्न झाल्यापासून. खोल्याच दोन, आणि भांड्याचा आवाज झाला की तुम्ही जागे व्हायचात. तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

साडूभाऊंना ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं, आणि मी तर त्या जिन्यात तिला कितीतरी वेळा ओलांडून वर गेलो होतो. बाईमाणूस हवा खायला बसलंय, असं मला वाटायचं. जगातल्या घरांची पारख ज्या झोपेवर चालली होती ती झोप ताईने जिन्यात बसून दिली होती, आणि ज्या दोन खोल्यांच्या शांततेपुढे ते तिच्यासाठी पाहिलेली सगळी घरं नापास करत होते ती शांतता म्हणजे ताईचं घरात नसणं होतं. साडूभाऊंनी तिच्याकडे पाहिलं. "तू सांगायचं होतंस," ते म्हणाले. "तुम्ही झोपलेले असायचात," ताई म्हणाली. मग म्हणाली, "मी आता कुठे जाणार नाही हं. घर माझं आहे." आणि ती पुन्हा डबे लावायला लागली.

साडूभाऊंनी सतरंजी गुंडाळली. त्या घरात त्यांना दुपारची झोप म्हणून कधी आली नाही. मग करायचं काय? ते सैपाकघरात जाऊन बसू लागले. मटार सोलू लागले. दुपारी ताई काय करते, कुणाशी काय बोलते, हे त्यांनी इतक्या वर्षांनी पहिल्यांदा पाहिलं आणि त्यांना त्याची गोडी लागली. मला सांगत, "साडूभाऊ, ही नकला किती झकास करते माहितेय? तुमचीसुद्धा करते." परदेशचे दौरे कमी झाले. धंदा पुतण्याकडे गेला, तो ओल मोजायला यंत्रं घेऊन फिरतो. साडूभाऊ आणि ताई चक्कीच्या आवाजावर एकमेकांशी मोठमोठ्याने बोलत आणि गल्लीला सगळं ऐकू जाई. आम्ही गेलो की ताई आम्हांलाही बसवून घेई. इतकी हसणारी ताई मी पूर्वी पाहिली नव्हती.

तीन-चार वर्षं अशी गेली. मग ताई गेली. आजारपण मोठं नव्हतं, बघता बघता सगळं झालं. दिवसकार्य आटोपलं, पाहुणे पांगले, आणि एका दुपारी मी साडूभाऊंकडे गेलो. चक्की चालू होती, मैदानात मुलांचा गोंधळ होता. साडूभाऊ जमिनीवर गाढ झोपले होते. मी भिंतीला टेकून बसलो. बऱ्याच वेळाने त्यांना जाग आली. सवयीप्रमाणे ते तसेच बसून राहिले, मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आता या घरात झोप लागते हो." मी म्हणालो, "चांगलंय की!" आणि म्हणता म्हणताच मला कळलं मी काय बोललो ते. ते म्हणाले, "चक्की तशीच आहे. पोरंही तशीच आहेत. तरी पडल्या पडल्या लागते." मला रडू आलं. या माणसावर माझा एवढा जीव आहे हे मला तोवर माहीत नव्हतं.

पुतण्या म्हणतो काका, दुबईला या, मोठं घर आहे. ते नाही म्हणतात. मी आता रोज दुपारी जेवण झालं की त्यांच्याकडे जातो. सैपाकघरात शिरतो, डबे उघडतो, झाकणं पाडतो, खिडकीतून गल्लीतल्या बायकांना भाव विचारतो, आणि मला ज्यातलं काही कळत नाही अशा विषयांवर मोठ्याने बोलत राहतो. तेवढं मला उत्तम जमतं. ताईसारखी खुडबुड काही जमत नाही, पण आवाज होतो. "साडूभाऊ, भांडी हळू ठेवा ना जी," बाहेरून आवाज येतो. मी हळू ठेवत नाही. मग ते कण्हत कण्हत उठून आत येतात, माझ्यासमोर पाट ओढून बसतात आणि सोलायला ठेवलेला लसूण स्वतःकडे घेतात.